गल्लीकडचं दार

"बाबा, बघा ना! ते काका तुमच्याकडे येतात!"

ठकीने बाबांच्या हातातून हात सोडवून सरळ बोटच दाखवलं. बाबा कांदे निवडत होते. त्यांनी मान वर केली नाही. पलीकडे टोमॅटोच्या ढिगापाशी एक उंच गृहस्थ पिशवीचे बंद धरून उभे होते, शेजारी त्यांची बायको. ठकीचा आवाज मुळात खणखणीत. तो टोमॅटोपर्यंत पोचला आणि त्याच्याही पलीकडे गेला. गृहस्थांचे कान टोमॅटोच्या रंगाला आले.

"कोण हो?" बायकोने विचारलं.

"कुणास ठाऊक," गृहस्थ म्हणाले, आणि त्यांनी समोरचा कोबीचा गड्डा उचलून कानाशी धरला, जणू आतून कोणी काही सांगत होतं.

"कांदा ओला नाही ना हो?" बाबांनी कांदेवाल्याला विचारलं. तो नाही म्हणाला. बाबांनी पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा कांदेवाला वैतागला. "अहो, आता काय शपथ घेऊ का कांद्याची?" तोवर ते गृहस्थ बायकोला घेऊन गर्दीत दिसेनासे झाले होते.

परतीच्या वाटेवर ठकी फुरंगटून चालत होती. तिसरीतली पोर, पण प्रश्न सोडायची नाही.

"तुम्ही ओळखत नाही त्यांना?"

"ओळखतो की."

"मग बोलला का नाहीत?"

"संध्याकाळी ओळखतो. दिवसा नाही."

"असं कुठे असतं?"

बाबांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "आपले डॉक्टर रस्त्यात भेटले तर 'काय ठके, जुलाब थांबले का?' असं ओरडतात का?"

"ई! नाही."

"का नाही?"

"लोक ऐकतील ना."

"झालं तर मग." चार पावलं गेल्यावर ते म्हणाले, "आपण आधी हाक मारायची नाही. त्यांनी मारली तर ओ द्यायची. तेवढं लक्षात ठेव."

"मग त्यांनी मारली का कधी?"

बाबांनी जरा विचार केला. खोटं बोलायचं नाही आणि पोरीला खट्टूही करायचं नाही, असं असलं की ते असाच विचार करायचे.

"अजून तरी नाही," ते म्हणाले.

बाबा बारमध्ये वेटर होते. बार पुढच्या मोठ्या रस्त्यावर होता. तिकडे पाटी, दिवे, काचेचं दार, सगळं साग्रसंगीत. पण इमारतीची पाठ गल्लीकडे होती आणि त्या पाठीत एक लोखंडी दार होतं. त्यावर पाटी नाही, दिवा नाही. मोठ्या रस्त्यावरून आत शिरताना कोणी बघेल अशी ज्यांना धास्ती, ते या दाराने यायचे. आणि त्या दारासमोर, गल्लीच्या दुसऱ्या अंगाला, एकाच साच्यातून काढल्यासारख्या तीन इमारती होत्या. मधल्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर ठकीचं घर. बार होता म्हणूनच ते भाडं परवडायचं. बाकीच्यांचंही तेच होतं, पण तसं कोणी बोलून दाखवत नसे.

गल्लीने बारला 'दवाखाना' नाव ठेवलं होतं. "आमचे हे दवाखान्यात गेलेत," असं बायका म्हणायच्या. कोणी हसत, कोणी दात आवळून.

गिऱ्हाइकं बाबांना 'मालक' म्हणायची. खरा मालक गल्ल्यावर बसायचा, त्याला शेठ म्हणायची. बाबा मात्र कोणालाच नावाने ओळखत नसत, निदान तसं दाखवत नसत. बसायच्या जागेवरून नाहीतर मागणीवरून त्यांनी प्रत्येकाला एकेक खूण दिलेली होती. 'खिडकीला सोडा', 'अर्ध्या बर्फाला शेंगदाणे', 'कोपऱ्याचं झालं, बिल द्या', असं ते आत सांगायचे. सकाळच्या चहाला घरात याच मंडळींच्या गप्पा असायच्या.

"काल 'पेपर' हातातला पेपर पार उलटा धरून बसला होता. मी काही बोललो नाही. म्हटलं, वाचू दे, बातम्या तशाही सारख्याच."

"आणि खिडकी?" ठकी विचारायची.

"खिडकीच्या मुलाचा निकाल लागला. सगळ्यांना शेंगदाणे."

दाराने शिरताना दिसली तरी कोण कोणतं ते न कळणारी ही माणसं ठकीच्या घरात वावरायची, दूरच्या नातेवाइकांसारखी. अर्ध्या बर्फाची बदली झाली तेव्हा आईसुद्धा हळहळली होती. "तिकडे त्याला अर्धाच बर्फ कोण घालणार हो?"

सोमवारी बार बंद. त्या दिवशी संध्याकाळी बाबा धुतलेला शर्ट घालून बाल्कनीत खुर्ची मांडायचे. मग खुर्चीशेजारी उभं राहून, किंचित वाकून, रिकाम्या खुर्चीला विचारायचे, "काय आणू साहेब?" मग खुर्चीत बसून सांगायचे, "एक बिअर. थंड." मग उठून स्वतःच आणायचे. स्टीलच्या पेल्यात, फेस वर येऊ न देता, तिरपा धरून.

"साहेबांना म्हणावं, नळ गळतोय आठवडाभर," आतून आई म्हणायची.

"साहेब म्हणतायत, आज सुट्टी आहे."

शेवटचा घोट आईचा ठरलेला. ती घ्यायची, तोंड वाकडं करायची, आणि दर सोमवारी तेच म्हणायची, "कडू मेलं! काय गोड लागतं त्या लोकांना?" आणि पेला रिकामा करूनच खाली ठेवायची.

गल्लीला मात्र सोमवार सोडला तर सुख नव्हतं. दिवेलागणीपासून त्या लोखंडी दाराची करकर सुरू व्हायची. खुर्च्या ओढल्याचे आवाज, कोणाचं तरी भांडण, त्याहून वाईट म्हणजे कोणाचं तरी गाणं. वाळत घातलेल्या कपड्यांना तळणाचा वास लागायचा. मुलींच्या आया त्यांना गल्लीच्या तोंडापर्यंत घ्यायला यायच्या. भिंतींकडे पाठ... पाठ नव्हे, तोंड करून पुरुष उभे राहायचे. रोज सकाळी बाबा दोन बादल्या आणि खराटा घेऊन खाली उतरायचे आणि तिन्ही इमारतींच्या पायऱ्यांपर्यंत गल्ली धुऊन काढायचे. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं आणि कोणी नको असंही म्हटलं नव्हतं.

ठकीच्या घराखाली, पहिल्या मजल्यावर, शिकवणीच्या बाई एकट्या राहायच्या. लहान मुलांच्या शिकवण्या घ्यायच्या. ठकी त्यांच्याच हाताखाली शिकली. घरात तीन भिंती पुस्तकं, आणि बाईंचा नियम असा की पुस्तक नेताना विचारायचं नाही, परत आणताना मात्र त्यातलं काय आवडलं ते सांगायचं. ठकी कॉलेजात गेली तरी संध्याकाळी बाईंच्या मदतीला जायची, बारक्यांना पाढे घ्यायला.

अशाच एका संध्याकाळी सातचे पाढे चालले होते आणि दार वाजलं.

पालक असेल म्हणून ठकी उठली, तर पुढची थाप इतक्या जोरात पडली की कडी हलली. पाढे अर्ध्यावरच थांबले.

"उघड गं," बाहेरून जड आवाज आला. "उघड की. किती वेळ उभं करणार आहेस?"

बाई उठल्या आणि त्यांनी दाराला वरची कडीही घातली. थापा चालूच. एक छोटी मुलगी रडायला लागली, तिचं बघून दुसरा. बाईंनी त्यांना पोटाशी धरलं. 

मग जिन्यात ओळखीची पावलं वाजली.

"साहेब," बाबांचा आवाज. "चला. चुकलं तुमचं."

"ती उघडत नाहीये, मालक."

"हो. चला. मी आहे ना."

एवढंच. पावलं खाली गेली. बाईंनी खिडकीतून पाहिलं तेव्हा संधिप्रकाशात दोन पाठी दिसल्या. एक बाबांची, हातात फडकं तसंच होतं. दुसरी एका वाकलेल्या माणसाची. बाबांनी त्याला खांद्याभोवती हात घालून जवळजवळ उचललं होतं.

रविवारी सकाळी मधल्या इमारतीच्या गच्चीवर तिन्ही इमारतींची बैठक बसली. अध्यक्षस्थानी पोस्टातून निवृत्त झालेले आजोबा. सतरंजी, थोड्या खुर्च्या, पाण्याची कळशी. सगळे आले होते. तिसऱ्या इमारतीतल्या घड्याळवाल्यांची बायको नुकतीच गेलेली, तरी तेही येऊन मागे बसले होते. लोकांना बरं वाटलं.

"विषय एकच," आजोबा म्हणाले. "दवाखाना."

कोणीतरी फिसकन हसलं.

"हसण्यावारी नेऊ नका. आज थापा मारल्या, उद्या दार फोडतील."

"माझ्या पायरीवर सकाळी उभं राहवत नाही," तळमजल्याच्या काकू म्हणाल्या.

"हे धुतात की हो रोज," कोणीतरी बाबांकडे बघून म्हणालं.

"धुतात. पण धुवायची वेळ यावीच का, मी म्हणते!"

मग बाई उभ्या राहिल्या. वर्गात राहायच्या तशाच, हात मागे घेऊन.

"मला भांडायचं नाही. दोन मुलांच्या आईवडिलांनी त्यांना पाठवणं बंद केलं. ते विचारतात, कोण होता? मला उत्तर देता येत नाही. तुम्ही त्या माणसाला धरून नेलंत. मी पाहिलं."

बाबा सतरंजीच्या कडेला बसले होते. ते उठले. "नेलं."

"मग नाव सांगा."

"नाव नाही सांगता येणार, बाई."

"माहीत नाही, की सांगायचं नाही?"

 माहीत नाही म्हटलं असतं तर सुटले असते. ठकी मनातून म्हणत होती, म्हणा ना, म्हणून टाका.

"माहीत आहे," बाबा म्हणाले. "सांगायचं नाही."

एकच गलका झाला. "म्हणजे त्याला पाठीशी घालणार?" "खाता कोणाचं आणि गाता कोणाचं!" ठकीचे घरमालकही तिथेच होते. ते घसा खाकरून म्हणाले, "हे बघा, माझ्यावर गल्लीचा बोल यायला नको. नाव सांगा, नाहीतर दुसरं घर बघा. साधी गोष्ट आहे."

आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. ठकीकडे तिने पाहिलं नाही.

बाबांनी सगळ्यांचं बोलणं संपू दिलं. गिऱ्हाईक तावातावाने बोलत असलं की ते असेच थांबायचे, हात पुढे बांधून, मान किंचित तिरपी.

"तो माणूस पुन्हा या जिन्यात येणार नाही. हा माझा शब्द," ते म्हणाले. "आणि नाव सोडून काय मागायचं ते मागा."

बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "गल्लीकडचं दार बंद करा."

"केलं," बाबा म्हणाले.

"अहो, केलं काय?" पोस्टातले आजोबा चष्मा काढून म्हणाले. "दार काय तुमच्या वडिलांचं आहे?"

"नाही. शेठच्या वडिलांचं. पण करतो."

लोक हसले, आणि हसल्यावर पुन्हा तितकं रागावता येईना. घरमालक म्हणाले, दार बंद झालं तर राहा, नाहीतर महिनाअखेर. बैठक मोडली.

घरी आल्यावर ठकीने चप्पल काढायच्या आत सुरुवात केली. "बाई आहेत त्या, बाबा! मला कोणी शिकवलं? मी आत होते, पोरं रडत होती! आणि तुम्ही एका दारुड्यासाठी आपलं घर—"

"दारुडा नाही तो."

"मग कोण आहे?"

बाबांनी चहाचा कप उचलला.

"उगाच भिंतीवर डोकं आपटू नकोस," आई म्हणाली. "लग्न झाल्यापासून मी विचारतेय, खिडकी कोण ते. मेल्यावरसुद्धा सांगायचे नाहीत."

"मेल्यावर कसं सांगणार?" बाबा म्हणाले. आई हसली. ठकी हसली नाही, आणि तो आठवडा ती बाबांशी कामापुरतंच बोलली.

डबा मात्र तीच न्यायची, लहानपणापासूनचं काम ते. मंगळवारी दुपारी ती लोखंडी दाराशी पोचली तेव्हा आत टेबलांवर खुर्च्या उलट्या ठेवलेल्या होत्या आणि शेठचा आवाज चढला होता.

"मालक, वेड लागलंय का तुम्हाला? अर्धं गिऱ्हाईक त्या दाराने येतं!"

"समोरून येईल," बाबा ग्लास पुसत म्हणाले.

"समोरून यायला छाती लागते!"

"नसेल त्यांनी घरी जावं. घरची माणसं तुम्हाला दुवा देतील."

"दुव्यावर बार चालतो का?"

"गल्लीवर चालतो, शेठ. गल्ली खवळली तर दोन्ही दारं बंद होतील. एक तुम्ही करा, दुसरं राहील."

शेठनी गल्ल्याचा खण उघडला आणि पुन्हा ढकलला. 

"आणि तुम्ही? गल्ली ओलांडली की कामावर. आता सगळा वळसा घालून येणार?"

"येईन. मला कुठे लपायचंय?"

बाबांनी डबा घेतला. "आजचा शेवटचा इथून," ते ठकीला म्हणाले. "उद्यापासून काचेच्या दाराने ये, राणीसारखी."

दाराला आतून आडवा लोखंडी दांडा पडला, तो पडलाच.

काही गिऱ्हाइकं तुटली. शेठ महिनाभर घुश्शात होते, मग त्यांनी समोर दोन कुंड्या ठेवल्या. गल्लीत हळूहळू दुसरे आवाज ऐकू यायला लागले: कुकरच्या शिट्ट्या, रेडिओ, बाईंच्या घरातले पाढे. पोरांनी बंद दारावर खडूने स्टंप काढले आणि त्यावर बॉल बसला की लोखंड असं वाजायचं की आउट झालेल्यालाही वाद घालता येत नसे. बाईंच्या शिकवणीतली ती दोन्ही मुलं परत आली. बाबांनी जिन्यात दिवा लावला आणि त्याची काच दर महिन्याला स्टुलावर चढून स्वतः पुसली.

बाई जिन्यात भेटल्या की थांबायच्या. "पाय कसे आहेत?" विचारायच्या, कारण वळसा मोठा होता, पेट्रोल पंपावरून, बँकेवरून, अख्खा चौक फिरून. "चांगले आहेत," बाबा सांगायचे. "चालण्याने अन्न पचतं." नाव बाईंनी पुन्हा कधी विचारलं नाही. ठकीनेही नाही. विचारायचं नाही हे ठरवल्यावर उलट तिला घरात मोकळं वाटायला लागलं होतं.

वर्षं गेली ती अशी, तक्रारीला जागा न ठेवता. ठकीला दुसऱ्या गावी ग्रंथालयात नोकरी लागली. बाबा पहिल्यांदा बघायला आले तेव्हा त्यांनी वाचनकक्षात बसलेली माणसं बघितली, टेबलाटेबलावर एकेक, मान खाली घातलेली, आणि कानात म्हणाले, "आमच्यासारखंच आहे की गं. फक्त शेंगदाणे नाहीत." कोणाला काय लागतं हे तिला पाठ आहे का, असंही विचारलं. आहे म्हटल्यावर त्यांना फार बरं वाटलं. त्या सोमवारी बाल्कनीत त्यांनी दोन खुर्च्या मांडल्या आणि दोन्हीकडून मागण्या घेतल्या.

मग एका दुपारी कामावर निघताना बाबा बूट घालायला पायरीवर बसले. एका बुटाची नाडी बांधून झाली होती. आई आतून डबा घेऊन आली, तेवढ्या वेळात.

ठकी आली. जे करायचं ते झालं. गल्लीतले सगळे आले, पोस्टातले आजोबा काठी टेकत दोन मजले चढले. ठकी माणसांना पाणी देत होती, आणि तिचं लक्ष एकसारखं जिन्याकडे होतं. आपण कोणाची वाट बघतोय हे तिचं तिलाच कळत नव्हतं. बाबांनी सगळा जन्म ज्यांना पाणी दिलं, बर्फ दिला, घरापर्यंत पोचवलं, त्यांतलं कोणी आलं नव्हतं. कसे येतील? दिवसाची ओळखच नव्हती.

पुढच्या सोमवारी, भर दुपारी, आई आणि बाई आत बसल्या होत्या. खालून लोखंडाचा आवाज आला.

इतका जुना आवाज की आधी ओळखूच आला नाही. ठकी बाल्कनीत गेली. बंद दाराचा दांडा आतून कोणीतरी काढत होतं. दार करकरलं, खडूच्या स्टंपांसकट हललं आणि उघडलं. शेठ बाहेर आले. त्यांच्या मागून एकेक करत माणसं निघाली. धुतलेले शर्ट, पाणी लावून बसवलेले केस. उन्हात सगळ्यांचे डोळे बारीक झाले होते. गल्लीतल्या खिडक्यांतून माणसं बघत होती. ते सगळ्यांच्या देखत गल्ली ओलांडून जिना चढले.

"समोरून वळसा घालून आणायला बरं वाटेना," शेठ दारात म्हणाले. "त्यांच्या घरी जायचं तर त्यांच्या जुन्या वाटेनं."

खोली भरली. माणसांना हातांचं काय करावं कळत नव्हतं. समोर टेबल नव्हतं.  मग एक उंच, पूर्ण पांढऱ्या केसांचे गृहस्थ पुढे आले. बरोबर त्यांची बायको होती.

"मी," ते म्हणाले आणि अडखळले. "आत ऑर्डर सांगताना मालक मला खिडकी म्हणायचे."

ठकीने आईकडे पाहिलं. आईचा हात तोंडावर गेला होता.

"तुम्ही खिडकी?" आई म्हणाली.

"बाजारात हिने मला बोट दाखवलं होतं," गृहस्थ म्हणाले. "मी कोबीत तोंड घातलं."

"मला तेव्हाच कळलं होतं," त्यांची बायको म्हणाली. "घरी कोबी कोणी खात नाही आमच्या."

खोलीत कोणीतरी हसलं, मग आई हसली, आणि हसता हसता तिने डोळे पुसले. मग ते एकेक पुढे यायला लागले. नावं कोणी सांगितली नाहीत. "मी पेपर." "मी अर्धा बर्फ, बदली झाली होती ना, कालच आलो गाडीने." आई प्रत्येकाकडे असं बघत होती, जणू माहेरची माणसं खूप दिवसांनी भेटत होती. "तुमच्या मुलीचं काय झालं मग? सुटलं का दुखणं?" ती विचारत होती. तिला सगळं माहीत होतं.

सगळ्यात शेवटी एक किरकोळ म्हातारा उरला. त्याला ठकी ओळखत होती, सगळी गल्लीच ओळखत होती. तिसऱ्या इमारतीतले घड्याळवाले.

"मी कोपरा," ते म्हणाले. पण ते ठकीकडे किंवा आईकडे बघत नव्हते. बाईंकडे बघत होते.

"बाई. तुमचं दार वाजवलं होतं, ते मी."



"बायको जाऊन महिना झाला नव्हता. मी जिना चुकलो. तिन्ही सारखेच. पहिला मजला, डावीकडचं दार. घरी गेलो की कडी तीच काढायची, तीस वर्षांची सवय. मला वाटलं, रागावली आहे, म्हणून उघडत नाही." त्यांनी ओठ आवळून धरले, मग सोडले. "मालकांनी घरी नेलं. कुलूप त्यांनीच उघडलं. बैठकीच्या दिवशी मी मागे बसलो होतो. त्यांचं घर जायची वेळ आली, आणि मी बसून राहिलो. संध्याकाळी त्यांना म्हटलं, सांगून टाका माझं नाव. तर म्हणाले, ते तुमचं तुम्ही सांगायचं, जमेल तेव्हा. मला आज जमलं. उशीर झाला."

बाई खुर्चीत सरळ बसल्या होत्या. आता त्या पुष्कळ थकल्या होत्या, पण पाठ तशीच ताठ होती. खाली, पहिल्या मजल्यावर, त्यांच्या भिंतीवर एक लंबकाचं घड्याळ होतं. ते कधी बंद पडलेलं ठकीने पाहिलं नव्हतं, आणि दर वर्षी न बोलावता येऊन ते कोण साफ करून जातं, हेही तिला माहीत होतं.

"तिन्ही जिने सारखेच आहेत," बाई म्हणाल्या. "बांधतानाच चूक झाली." मग शेजारची खुर्ची त्यांनी हाताने जरा पुढे ओढली. "बसा. उन्हातून आलात."

घड्याळवाले बसले. ठकीने पाणी आणलं. सगळ्यांचं पाणी पिऊन झाल्यावर ग्लास गोळा करायला ती वळली, तर ग्लास आधीच गोळा झालेले होते. प्रत्येकाने आपापला उचलून ओट्यावर नेऊन, विसळून, पालथा घातला होता.

निघताना शेठ दारात घुटमळले. "ठकी, ते खालचं दार... उघडं राहू दे का आता? गल्ली काही म्हणणार नाही."

ठकीने विचार केला, बाबा करायचे तसा.

"नको," ती म्हणाली. "बंद करा. बाबांनी बाईंना शब्द दिला होता."

शेठनी मान डोलावली.

ती बाल्कनीत आली. खाली माणसं दाराकडे निघाली होती. सवयीने तिने पाठ फिरवली आणि तारेवरचे वाळलेले कपडे काढायला घेतले. बाबांचा सोमवारचा शर्ट होता, त्याची तिने बाही बाहीवर ठेवून सावकाश घडी घातली. कोण जातंय, कोणत्या दाराने जातंय, ते बघायचं नाही.

"ठकी!"

खालून हाक आली. भर दुपारी, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी.

ती वळली. उंच गृहस्थ दाराच्या तोंडाशी थांबून वर बघत होते. त्यांनी हात वर केला होता.

"ओ," ठकी म्हणाली.